पहिल्याच दारावर येणारे काका

माझ्या नाकावर राग असतो, हे माझी आई सांगायची, आणि आता आई नाही म्हणून बाबा सांगतात. ते खरंच आहे. घंटी वाजली की माझं डोकं तापतं. त्यात ती दुपारी, कामाच्या मीटिंगमध्ये वाजली तर विचारूच नका.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी पुण्याहून उज्जैनला परत आले. नोकरी तीच, फक्त आता घरून. आमचं घर गोपाल मंदिराजवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, जन्मभर भाड्याचं. खाली भेरूगढ़च्या छापील चादरींचं दुकान. जिना असा की धडधाकट माणसानेही कठड्याला धरूनच चढावं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता जिना नाही. मग वैशाखात माधव नगरला तळमजल्याचा फ्लॅट घेतला आणि आम्ही सामानासकट तिकडे गेलो. बाबांनी रिक्षात बसताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं, बरं झालं, मन लवकर सोडवलं यांनी.

पण लोकांनी कुठे सोडलं? बाबा बँकेतून रिटायर झाले त्याला जमाना झाला, तरी अर्ध्या उज्जैनची मराठी माणसं केवायसीचे, पेन्शनचे, वारसाचे फॉर्म घेऊन त्यांच्याकडेच येतात. ती सगळी आधी जुन्या घरी जायची. खाली चादरवाले भैया बसलेले. ते आदबीने सांगायचे, “बाबूजी माधव नगर में हैं, पानी की टंकी के पास, बैठिए, मैं ऑटो करवा देता हूँ.” आणि पाऊण तासाने माझ्या दारावर घंटी.

गंमत म्हणजे, गंमत कसली, डोंबल, मी नेमकं याच गोष्टीवर काम करत होते.

आमचं काम डेटाबेसचं. माहिती मागणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट, माहिती सांभाळून ठेवणारा म्हणजे सर्व्हर, आणि दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची ठरलेली रीत म्हणजे प्रोटोकॉल. आधी कोण बोलणार, ओळख कशी पटवायची, ‘हो’ कसं म्हणायचं, ‘नाही’ कसं म्हणायचं, सगळं ठरलेलं. लग्नाच्या बैठकीत असतं तसं. आमच्याकडे अडचण अशी की मध्ये एक दारवान सर्व्हर बसला होता. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे, तो आतल्या खऱ्या सर्व्हरला विचारणार, उत्तर आणून देणार. प्रत्येक प्रश्नाला दोन हेलपाटे. तेव्हा ठरलं की दारवानाने एकदा ओळख पटवावी आणि सरळ सांगून टाकावं, “बाबा रे, तुला हवा तो सर्व्हर अमुक पत्त्यावर आहे, तिकडेच जा.” याला रिडायरेक्शन म्हणतात. या निरोपात काय काय असावं, तो बोलण्यात नेमका कधी द्यावा, हे लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं.

ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटलं होतं. पण रस्ता सांगणं ही साधी गोष्ट नाही, हे उज्जैनच्या माणसाला तरी कळायला हवं. बसस्टँडवर उतरलेल्या यात्रेकरूला “मंदिर उधर से बंद है, हमारे साथ चलिए” म्हणून भलतीकडेच नेणारे कमी आहेत का? तेव्हा पहिला नियम मी हाच लिहिला की ज्याची स्वतःची ओळख पक्की पटलेली नाही, त्याने सांगितलेल्या पत्त्यावर क्लायंटने जायचंच नाही. दुसरा नियम असा की ज्या जुन्या क्लायंटला हा नवीन निरोप समजतच नाही, त्याला तो देऊ नये, त्याचं काम आधीसारखं दारवानाकरवीच चालू द्यावं. इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिसऱ्या नियमावर खटका उडाला. मी लिहिलं होतं की काही काळ पत्ता सांगत राहिल्यावर दारवानाने ते बंद करावं आणि येणाऱ्याला सरळ नकार द्यावा. एकदा नवीन पत्ता कळल्यावर जुन्या दारावर कुणी कशाला येईल? आमच्या टीममध्ये पुण्याच्या एक ज्येष्ठ बाई आहेत, मसुदे तपासतात. त्यांनी शेजारी शेरा मारला, “तुम्ही गृहीत धरलंय की क्लायंट लक्षात ठेवेल. जो प्रोग्रॅम रोज नव्याने सुरू होतो, त्याच्याजवळ फक्त पहिलाच पत्ता असतो. तो रोज पहिल्याच दारावर येणार. त्याला तुम्ही काय सांगणार आहात?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उत्तर लिहिलं, “त्याने आपली सेटिंग्ज बदलावीत.” आणि लॅपटॉप फटकन मिटला.

तेवढ्यात घंटी वाजली. त्या दुपारची तिसरी. दारात एक गृहस्थ, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मी त्यांना आत बाबांकडे पाठवलं, स्वयंपाकघरात गेले आणि चादरवाल्या भैयांना फोन लावला. माझे शब्द मला अक्षर न् अक्षर आठवतात. “भैया, अब किसी को भी यहाँ मत भेजना. बोल दो, बाबूजी अब किसी से नहीं मिलते.” भैया म्हणाले, “जी दीदी.” बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी लगेच फोन करून ते रद्द केलं असतं.

आता अमावस्येच्या काकांबद्दल सांगायला हवं.

हे बाबांचे कॉलेजचे मित्र. आयुष्यभर बडनगरला शाळेत मास्तरकी केली. दर अमावस्येला सकाळच्या बसने उज्जैनला यायचं, क्षिप्रेवर अंघोळ करायची आणि ओलं धोतर पिळून, पंच्यात गुंडाळून आमच्याकडे यायचं. आई ते धोतर गच्चीवर वाळत घालायची. ते वाळेपर्यंत दोघांच्या गप्पा, दोनदा चहा, जेवण, मग दुपारची बस. चाळीस वर्षं हा नेम. येताना हातात पिशवी, मोसमाप्रमाणे काहीतरी घरचं. पेरू, हरभरा, पावसाळ्यात भुट्टे. त्या भुट्ट्यांचा कीस आई दुधात शिजवून असा करायची की काका एरवी मोजून जेवणारे, पण तेव्हा वाटी पुढे करायचे. काकांना ऐकू कमी येतं, बाबांनाही. काका फोन ठेवत नाहीत. “ऐकूच येत नाही तर ते लटांबर कशाला?” म्हणतात.

माधव नगरला आल्यावर ते दोन अमावस्यांना आले. दोन्ही वेळा आधी जुन्या घरी जाऊन. मी विचारलंसुद्धा, “काका, सरळ इकडे का नाही येत?” तर म्हणाले, “अगं, घाटावरून निघालो की पाय तिकडेच जातात. मग तो चादरवाला मला ऑटोत घालतो.” मी हसले. हसले आणि विसरले.

आषाढातल्या अमावस्येला बाबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसले. दुपार झाली. काका आले नाहीत. “पाऊस आहे ना,” मी म्हटलं. पुढच्या अमावस्येला पाऊस नव्हता. बाबा पुन्हा खुर्चीत. मी दोनदा जेवायला बोलावलं, तर “थांब गं, येईल आता,” करत तीन वाजवले. शेवटी एकटेच जेवले आणि ताटावरून उठताना म्हणाले, “गेला वाटतं तो. नाहीतर चुकला नसता. बातमी तरी कुणी द्यायची.”

मी काय म्हणाले असेन? “बाबा, काहीतरीच काय बोलता! वय झालं त्यांचं, जमत नसेल.” आणि मीटिंगला जाऊन बसले. त्यानंतर बाबांनी रोजची दाढी सोडली. आठवड्यातून एकदा करायचे, तीही मी मागे लागले तर. फॉर्मवाले येत नव्हते, काका येत नव्हते. मला वाटायचं, पाय दुखतोय म्हणून असे गप्प असतील. घर मात्र शांत होतं, माझं काम झपाट्याने होत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

पितृपक्षात आईच्या तिथीसाठी पितळेचं तामण हवं होतं. ते जुन्या घराच्या माळ्यावर राहिलं होतं, आणि तिथे नवा भाडेकरू अजून आला नव्हता, म्हणून मी तिकडे गेले. दुकानात भैया चादरींच्या थप्प्या लावत होते. मागच्या भिंतीवर खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली. खादीची, निळ्या काठाची. ती पिशवी मी लहानपणापासून ओळखते. तरी मी विचारलं.

“ये किसकी है?”

“वो बड़नगर वाले मास्साब रख गए थे, दीदी. पिछली अमावस को. उसके पहले वाली पे भी आए थे, अमरूद लाए थे, वो तो सड़ गए, फेंकने पड़े.”

“आपने उनको क्या बोला?”

“जो आपने बोला था, वही बोला. बाबूजी अब किसी से नहीं मिलते.”

“मग? वो क्या बोले?”

“पहले तो बोले, ‘क्या?’ मैंने ज़ोर से दोबारा बोला, उनको सुनाई कम देता है न. फिर यहीं स्टूल पे थोड़ी देर बैठे, पानी पिया, और बोले कि ये दे देना. मैंने सोचा दीदी ने मना किया है तो देना है कि नहीं देना.”

पिशवीत भुट्टे होते. पानं वाळून कागद झाली होती, दाणे सुरकुतले होते. भैयांचा काय दोष? दुकानात गिऱ्हाईक असेल, रस्त्यावरून माणसं जात असतील आणि त्या सगळ्यांच्या देखत माझं वाक्य एका म्हाताऱ्या माणसाच्या कानात दोन-दोनदा ओरडून सांगितलं गेलं. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मी भैयांना म्हटलं, “चुकलं माझं. गलती मेरी है. अब जो भी आए, सबको भेजना. और मास्साब आएँ तो ऑटोवाले से कहना, घर पे ताला मिले तो उनको वापस यहीं लाए. यहीं बिठाना. ऐसे जाने मत देना.”

“बिल्कुल दीदी,” भैया म्हणाले आणि पिशवी खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली.

घरी येऊन आधी मी भ्याडासारखं कामाला बसले. मसुदा उघडला. पुण्याच्या बाईंचा शेरा तसाच होता आणि त्याखाली माझं ते तुसडं उत्तर. मी तिसरा नियम खोडला. लिहिलं की दारवानाने पत्ता सांगणं कधीच थांबवू नये, कुणी शंभराव्यांदा आला तरी सांगावं. पत्त्यासोबत तो किती वेळ खरा धरायचा हेही सांगावं. आणि नव्या पत्त्यावर दार उघडलं नाही, तर क्लायंटने पहिल्या दारावर परत यावं, तिथे त्याला घ्यावं. बाईंना लिहिलं, “तुमचं बरोबर होतं.” त्यांनी नुसता अंगठा पाठवला. ते सोपं होतं. प्रोटोकॉलची माफी मागायला काय लागतं?

रात्री जेवताना मी बाबांसमोर ती पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. फोन केला तिथपासून. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

बाबांनी पिशवीवरून हात फिरवला. मग विचारलं, “मी भेटत नाही, असं सांगितलं त्याला?”

“हो.”

“दोनदा?”

“दोनदा.”

“म्हणजे एकदा ऐकून गेला, आणि परत आला.” माझ्या बाबांना मी आई गेली तेव्हा रडताना बघितलं होतं, त्यानंतर आता. मलाही आवरलं नाही. माझ्यावर ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, “गाडी काढ उद्या. आपण बडनगरला जाऊ.”

“जाऊ. कुठे राहतात काका?”

“बडनगरला.”

“बडनगरला कुठे, बाबा?”

बाबांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत आमच्यापैकी कुणी एकदाही काकांच्या घरी गेलं नव्हतं. लग्नकार्याच्या पत्रिका काकाच आणून द्यायचे, आम्ही आहेर त्यांच्याच हाती पाठवायचो. मुलाचं नाव माहीत, सून कुठली ते माहीत, घर माहीत नाही. नेहमी तेच यायचे. आमच्या धंद्यातली रीत अशीच आहे, क्लायंट येतो, सर्व्हर उत्तर देतो. सर्व्हर आपणहून कुणाचं दार वाजवत नाही. मी तो नियम इतक्या वेळा वाचला आहे आणि मला तो कधी वाईट वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जाणं झालं नाही, बाबांची डॉक्टरकडची तारीख होती. मग त्यांनीच ठरवलं, सर्वपित्री अमावस्येला जायचं. मी म्हटलं, “त्या दिवशी घरचं पान असतं, आणि काकाच इकडे आले तर?”

“तो येत नाही आता. दोनदा अपमान झाला त्याचा. मी असतो तर पहिल्यांदाच्या नंतर फिरकलो नसतो. आणि पान लवकर ठेव. मेलेल्यांचं सगळे करतात, जो जिवंत आहे त्याच्याकडे जाऊ.” त्या सकाळी बाबांनी न सांगता दाढी केली.

कावळ्याचं पान ठेवून आम्ही निघालो. घाटाकडचे रस्ते गर्दीमुळे बंद होते, बाहेरून वळसा घालून गेलो. सोयाबीन कापून शेतं मोकळी झाली होती. बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आत आता सफरचंदं आणि श्रीखंडाच्या वड्या. रिकामी पिशवी परत करू नये, असं आई म्हणायची.

बडनगरच्या बसस्टँडवर एका पानवाल्याला विचारलं. नाव सांगितलं तर त्याला कळेना. मग बाबांनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, “रिटायर मास्टर हैं, हर अमावस को उज्जैन जाते हैं.” पानवाला हसला, “अच्छा, अमावस वाले मास्साब! सीधे जाओ, नीम के आगे हरा दरवाज़ा.”

हिरवं दार सुनेने उघडलं. मी ओळख सांगितली तशी ती घाईने गाडीपाशी आली आणि बाबांना वाकून नमस्कार केला.

“काका कुठे आहेत?” मी विचारलं.

“अहो, ते तर सकाळीच उज्जैनला गेले. आम्ही म्हटलं, नका ना जाऊ, ते भेटत नाहीत म्हणाले ना? तर म्हणाले, ‘त्याची तब्येत बरी नसेल. नाही भेटला तर पिशवी ठेवून येईन.’”

बाबांनी डोळे मिटून घेतले. मी लगेच भैयांना फोन लावला. दुकानातला गलका ऐकू येत होता.

“हाँ दीदी, मास्साब आए थे. मैंने ऑटो में भेजा, आपके यहाँ ताला था, तो ऑटोवाला वापस छोड़ गया. यहीं बैठे हैं, चाय पी रहे हैं. जाने को कर रहे थे, मैंने जाने नहीं दिया.”

“फोन उनके कान पे लगाइए.” मी स्पीकर लावला आणि फोन बाबांच्या तोंडाशी धरला.

“कोण?” तिकडून काका ओरडले.

“मी आहे रे, मी!” बाबा इकडून ओरडले.

“भेटतोस का आज?”

सून, मी, समोरच्या ओट्यावरची माणसं, सगळे बघत होते. मग बाबांनी फोन दोन्ही हातांत घट्ट धरला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य म्हणाले.

“तू बस तिथेच. मी येतोय.”